निब खरखरतेय? घासायला काढण्याआधी हे करून बघा

एकाच डब्यातली, एकाच बनावटीची शाईची पेनं एकामागून एक चालवून बघा. एखादं लोण्यासारखं चालतं, शेजारचं कागद ओरबाडतं, तिसरं दर शब्दाच्या सुरुवातीला अडखळतं. दोनशे-चारशे रुपयांच्या रोजच्या पेनांची ही जुनी तक्रार, आणि हजार-दोन हजारांच्या पेनातही ती पुरती मिटत नाही. मग लोक पेन झटकतात, निब दाबून लिहितात, काचेवर किंवा पॉलिश पेपरवर घासतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी दोष जात नाही, तिसरीने निब कायमची जाते. कारण बऱ्याचदा दोष टोकात नसतोच. तो मळात असतो, निब वाकडी बसल्यात असतो, निबेच्या मधल्या फटीने झालेली दोन पाती वरखाली झाल्यात असतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: आधी धुणं, मग शाई-कागद, मग चाचणीचं पान, मग निबेची बैठक, मग पाती, मग फट, आणि घासणं अगदी शेवटी.

दोष येतो कुठून

पोलादाच्या पातळ पट्टीतून निबेचा आकार कापतात, साच्यात दाबून तिला बाक देतात आणि टोकावर कठीण धातूचा बारीक दाणा जोडतात. निबेवर 'इरिडियम पॉइंट' असं कोरलेलं असलं, तरी आजच्या दाण्यात इरिडियम क्वचितच सापडेल. टंगस्टन, ऑस्मियम, रुथेनियम अशा धातूंचं ते मिश्रण असतं. मग अतिशय पातळ चकतीने दाण्यापासून वरच्या भोकापर्यंत फट कापतात, दाणा घासून गोलसर करतात, शेवटी चकाकी देतात.

फट कापताना चकती किंचित सरकली की एका पात्याला दाण्याचा मोठा वाटा जातो, दुसऱ्याला लहान. फट कापल्यावर धातूतला ताण मोकळा होतो, त्यामुळे पाती थोडी वरखाली होतात किंवा एकमेकांना घट्ट चिकटतात. हे सगळं दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी शेवटी एका माणसाने भिंगाखाली प्रत्येक निब बघायला हवी. स्वस्त पेनाच्या किमतीत ती पायरी बसत नाही. शिवाय निब गुळगुळीत लागावी म्हणून जास्त चकाकी दिली, तर फटीच्या आतल्या कडाही गोल होतात. मग निब मऊ लागते पण शाई कागदाला टेकत नाही. या दोषाकडे पुढे सावकाश येऊ, कारण मराठी लिहिणाऱ्याला तो सगळ्यांत जास्त छळतो.

दुकानात, पैसे देण्याआधी

फोर्टातलं पेनांचं दुकान असो, दादरचा स्टेशनरीवाला असो की अब्दुल रहमान स्ट्रीटचा घाऊक बाजार, खिशात तीन गोष्टी असू द्या: १० पटींचं घड्याळजीचं भिंग, तुम्ही रोज वापरता त्या वहीचं पान आणि टिश्यू पेपर. निबेचं टोक डोळ्याकडे आणि मागे पांढरा कागद अशी पकड करून भिंगातून बघा. दोन पाती एका पातळीत आहेत का? दाण्याचे दोन भाग सारखे आहेत का? फट बरोबर मधून गेली आहे का? मग पेन आडवं करून बघा, निब आणि खालची जीभ (निबेला शाई पुरवणारा खाचांचा भाग) यांच्यात उजेड दिसतो का. बारीक चीर बहुतेक वेळा निबेवरच्या भोकापाशी सुरू होते, तिथेही एक नजर टाका.

एवढं झाल्यावर "काका, एकदा बुडवून बघू का? पुसून देतो," असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. फक्त निबेचं टोक बुडवा, भोकाच्या वर शाई जाऊ देऊ नका, आणि परत देताना ओल्या टिश्यूने पुसून द्या. बुडवून लिहिल्यावर खरखर कळते, शाईचा प्रवाह मात्र कळत नाही. बुडवलेल्या निबेवर गरजेपेक्षा जास्त शाई असते, त्यामुळे कोरडं, म्हणजे कमी शाई सोडणारं पेनही तिथे झकास चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला शाई फिकी झाली तर घाबरू नका, ती फक्त संपली आहे.

पहिली पायरी: धुणं

नव्या पेनात यंत्राचं तेल आणि कापताना निघालेला कीस राहू शकतो. तेल असलं की शाई जिभेच्या खाचेतून सरळ वाहत नाही, तिचे थेंब थेंब होतात. म्हणून नवं पेन न धुता भरायचं नाही.

एक वाटी, म्हणजे साधारण २०० मिली, साध्या तापमानाचं पाणी घ्या आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे २ ते ३ थेंब टाका. कन्व्हर्टर (पेनात बसणारी, शाई ओढून घेणारी नळी) असेल तर १० ते १५ वेळा पाणी ओढून सोडा. ड्रॉपरने भरायचं पेन असेल तर केमिस्टकडे मिळणारा कान धुण्याचा रबरी फुगा पकडीच्या, म्हणजे बोटांनी धरायच्या भागाच्या, मागच्या तोंडाला लावून पाणी ढकला. साबण पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने पुन्हा तेच करा, कारण साबण राहिला तर शाई कागदावर फुटते. गरम पाणी आणि स्पिरिट वापरू नका. स्पिरिटने प्लास्टिक आणि ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

जुनी शाई सुकून बसली असेल तर रात्रभर निब खाली करून साध्या पाण्यात ठेवा. तरीही नाही सुटली, तर ९ भाग पाण्यात १ भाग घरगुती अमोनिया आणि लिक्विडचा एक थेंब. यात ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

वाळवण्यात मुंबईकर नेहमी घाई करतात. निब टिश्यूत गुंडाळून, टोक खाली करून पेन पेल्यात उभं ठेवा. टिश्यू पाणी ओढून घेतो. मार्चमध्ये एका रात्रीत काम होतं, जुलैत दोन दिवस द्या. जिभेत पाणी राहिलं की पहिलं पान फिकं येतं आणि दोष विनाकारण शाईवर जातो.

दुसरी पायरी: शाई आणि कागद कायम ठेवा

तपासणीसाठी एकच शाई आणि एकच कागद ठरवून ठेवा, नाहीतर कोणता बदल कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही. शाई साधी, रोजची घ्या. १९३१ साली मुंबईत सुरू झालेल्या कॅमलिनची रॉयल ब्लू कुठल्याही नाक्यावर मिळते, तेवढी पुरे. चमकीवाल्या किंवा न पुसणाऱ्या शाया या कामाला नकोत. ड्रॉइंग इंक तर शाईच्या पेनात कधीच भरायची नाही: ती सुकली की जीभ कायमची बुजते.

कागद ७० जीएसएमचा झेरॉक्सचा असेल तर त्याचे सुटे तंतू निबेच्या फटीत अडकतात आणि चांगली निबही खरखरल्यासारखी वाटते. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो, मग शाई फुटते, रेघ जाड होते, पाठीमागे डाग उमटतो. वही झिपच्या पिशवीत ठेवली तर बराच फरक पडतो. आधीच ओल धरलेल्या कागदावर निबेची परीक्षा घेऊ नका.

तिसरी पायरी: चाचणीचं पान

इंग्रजी अक्षरं जोडून (कर्सिव्ह) लिहिताना हात बराच वेळ कागदावर राहतो. देवनागरीत काना, वेलांटी, मात्रा आणि वर शिरोरेषा, म्हणजे निब सतत उचलली जाते आणि सतत नव्याने टेकते. (मोडीत आधी पानभर रेघा आखून मग हात न उचलता लिहीत, तिथे हा त्रास कमी झाला असता.) म्हणून पेनाच्या परदेशी परीक्षणात 'उत्तम' ठरलेली निब मराठीत अडखळू शकते. चाचणीही आपल्या लिपीतच घ्या:

१. दहा उभे काने, वरून खाली.
२. दहा शिरोरेषा, डावीकडून उजवीकडे. मग दहा रेघा उलट, उजवीकडून डावीकडे.
३. मोठ्या आकारात ४, ४, ४, ४ अशी साखळी, हात न उचलता. या एका आकड्यात उतार, वळण आणि चढ तिन्ही येतात.
४. टोपण काढून पेन ३० सेकंद तसंच ठेवा, मग एकही दाब न देता 'आ' लिहा.
५. न थांबता एक पूर्ण पान.

दाब देऊ नका. पेनाचं स्वतःचं वजन पुरतं.

आता अर्थ लावा. चौथ्या चाचणीत पहिला फटका उमटलाच नाही, पण किंचित दाबल्यावर उमटला, तर फटीच्या आतल्या कडा गोल झाल्या असाव्यात. पाचव्यात अर्धं पान छान आणि मग फिकं, म्हणजे जिभेतून शाई पुरेशी येत नाही. सगळीकडेच फिकं असेल तर फट घट्ट आहे. एकाच दिशेला खरखर असेल, तर पाती वरखाली झाली आहेत.

चौथी पायरी: निबेची बैठक

निब आणि जीभ एका सरळ रेषेत हव्यात. पेन उलटं करून बघा: फट जिभेच्या मध्यावर आली पाहिजे. किंचित तिरपी असली तरी शाई एका पात्याकडे जास्त जाते. जिभेचं टोक निबेच्या टोकापासून साधारण ३ ते ४ मिमी मागे असावं. फार मागे गेलं तर शाई पोचत नाही, फार पुढे आलं तर निब ओली राहते.

नुसती दाबून बसवलेली निब काढायची तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घ्या, त्यात निब आणि जीभ दोन्ही एकत्र चिमटीत धरा आणि सरळ ओढा. पिरगाळू नका. काही पेनांत निबेचा पूर्ण भाग आट्यांवर असतो, तो स्क्रूसारखा सुटतो. लॅमी सफारीची निब जिभेवरून नुसती पुढे सरकते. कसं सुटतं हे माहीत नसलेल्या पेनाला जोर लावू नका. परत बसवताना निब जिभेवर नीट ठेवून, दोन्ही एकत्र धरून, आतली खाच शोधून सरळ दाबा.

निब आणि जीभ यांच्यात उजेड दिसत असेल तर पुढचा उपाय जिभेच्या मालावर ठरतो. मुंबईच्या एअरमेल-वॅलिटीसारख्या ड्रॉपरच्या पेनांत आणि दक्षिणेतल्या हाताने बनवलेल्या पेनांत जीभ बऱ्याचदा एबोनाइटची (गंधक घालून कठीण केलेल्या रबराची) असते: रंग मंद काळा, फडक्याने जोरात घासल्यावर गंधकाचा वास. ही जीभ उष्णतेने मऊ होते. पाणी उकळून गॅस बंद करा, दीड-दोन मिनिटं थांबा, मग फक्त निब आणि जीभ २० ते ३० सेकंद बुडवा. पकड पाण्यात जाऊ देऊ नका, एबोनाइटची पकड गरम पाण्याने तपकिरी पडते. बाहेर काढून फडक्यातून निबेवर अंगठा आणि जिभेखाली बोट ठेवून गार होईपर्यंत हलकं दाबून धरा. दोन-तीनदा केलं की मधली मोकळी जागा मिटते. प्लास्टिकच्या जिभेला हे चालत नाही; तिथे निब अर्धा मिलिमीटर आत सरकवून बघा.

पाचवी पायरी: पाती एका पातळीत

सगळ्यांत जास्त खरखर इथून येते, आणि सुटतेही सगळ्यांत सोपी. पेन लिहिताना धरतो तसं धरून वरून बघा, म्हणजे डावं-उजवं ठरेल. शिरोरेषा ओढताना, म्हणजे उजवीकडे जाताना खरखर असेल, तर डावं पातं खाली आलं आहे: त्याची आतली धार पुढे होऊन कागदात रुतते. उजवीकडून डावीकडे जाताना खरखर असेल, तर उजवं खाली आहे. भिंगातून खात्री करा आणि मगच हात लावा.

पेन कोरडं असेल, तर खाली गेलेलं पातं अंगठ्याच्या नखाने वर ढकला. त्याने फटही किंचित सैल होते. पेन फार ओलं असेल, तर वर राहिलेलं पातं खाली दाबा. पाच सेकंद धरून सोडा आणि भिंगातून बघा. पोलाद परत उसळी घेतं, म्हणून हवं त्यापेक्षा केसभर पुढे ढकलावं लागतं. एका झटक्यात करू नका, पाच-सहा छोट्या खेपा लागतील. हळूहळू बोटाला अंदाज येतो. दाण्याला नख लावू नका, पात्याच्या मध्यापाशी लावा.

सहावी पायरी: फट

निब खिडकीच्या उजेडात धरा. भोकापासून टोकाकडे फट निमुळती होत गेली पाहिजे आणि दाण्यापाशी दोन्ही बाजू जेमतेम टेकलेल्या हव्यात. अजिबात उजेड दिसत नसेल तर फट घट्ट आहे. ०.०५ मिमीची पितळी शिम पट्टी घ्या (नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानांत 'ब्रास शिम' म्हणून विचारा), कात्रीने तिचा लहान त्रिकोण कापा आणि भोकाकडून दाण्याकडे दोन-तीनदा अलगद फिरवा. आत अडकलेला कीस आणि कागदाचा तंतूही निघून येतो. एवढ्याने न भागल्यास पट्टी भोकापाशी ठेवून किंचित डावी-उजवी झुलवा. दाढीचं ब्लेड घालू नका. पोलादाने फटीच्या आतल्या भिंतींना ओरखडे पडतात आणि दाण्याचा कपचा उडू शकतो.

फट फार रुंद झाली तर दोन गोष्टी होऊ शकतात: शाई धो धो येते, किंवा टोकापर्यंत चढतच नाही, कारण अरुंद जागेतच शाई ओढली जाते. अशा वेळी डावं पातं हलकेच उजव्याखाली सरकवून दोन सेकंद धरा, मग उजवं डाव्याखाली. नंतर पाचवी पायरी पुन्हा करावी लागते.

सातवी पायरी: घासणं

फटीच्या तोंडाशी दाण्याच्या कडा आतून गोल झाल्या की मधोमध छोटी घळ तयार होते. पेनवेडे तिला 'बेबी बॉटम' म्हणतात. शाई त्या घळीत थांबते आणि कागदाला टेकत नाही. आधी जास्त वाहणारी शाई भरून बघा, फट किंचित सैल करून बघा. दोष हलका असेल तर एवढ्याने भागतं.

नसेल भागत, तर १२००० ग्रिटचं मायक्रोमेश किंवा १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म घ्या; दोन्ही अतिशय बारीक घासणाऱ्या पट्ट्या. ती सपाट काचेवर ठेवा, निबेत शाई भरलेली असू द्या, नेहमीच्या कोनात, बिनदाब, ४ चे पाच-सहा आकडे काढा. थांबा. निब पुसा, भिंगातून बघा, कागदावर लिहून बघा. पुन्हा पाच-सहा. पूर्ण गुळगुळीत होण्याच्या थोडं आधीच सोडा, उरलेली खरखर रोजच्या लिहिण्याने जाते. हार्डवेअरवाल्याकडच्या पॉलिश पेपरचा सगळ्यात बारीक ग्रिटही इथे राक्षसी ठरतो. दाणा डोळ्यांना जेमतेम दिसतो एवढाच असतो आणि तो परत उगवत नाही.

जी निब सुधारत नाही

दाण्याचा अर्धा भाग दुसऱ्याच्या मानाने फारच लहान, फट बाजूला सरकलेली, भोकापाशी चीर, किंवा दाणाच उडालेला, अशी निब बदलायची. सुट्या निबा बहुतेक ५ आणि ६ नंबरात येतात, पण नंबर जुळला म्हणजे बाक जुळतोच असं नाही. तिचा बाक तुमच्या जिभेवर पक्का बसायला हवा. आट्यांची निब घेताना बनावट विचारा: जोवो आणि बॉक या दोन जर्मन कंपन्यांचे ६ नंबरचे आटे एकमेकांत बसत नाहीत. निब सुटी करून बदलता येते असं पेन घेतलं तर पुढची कटकट वाचते. आणि हे काहीच करायचं नसेल, तर पायलट या जपानी कंपनीच्या एमआरसारखं सातत्याने चांगल्या निबेचं पेन घ्या. जपानी फाइन (बारीक) निब युरोपियन फाइनपेक्षा बारीक असते, जोडाक्षरं आणि मात्रा त्यात मोकळ्या उमटतात.

लोकल, उकाडा, पाऊस

निब उत्तम असूनही पेन टपकतं, ते वेगळ्याच कारणाने. ड्रॉपरच्या पेनात शाईवर हवा असते. एसी लोकलमधून २५ अंशांवरून उतरून पेन शर्टाच्या खिशात अंगाला लागलं आणि ३५ अंशांवर गेलं, तर हवा सुमारे ३.४ टक्के फुगते. पेनात २ मिली हवा असेल तर जवळपास ०.०७ मिली शाई बाहेर ढकलली जाते, म्हणजे एका थेंबापेक्षा जास्त. हवा अर्धाच मिली असेल, तर ढकललेली शाई ०.०२ मिलीच्याही आत राहते आणि ती जिभेवरच्या खाचा सहज सामावून घेतात. म्हणून असं पेन अर्धं झालं की भरून घ्या, तळ गाठू देऊ नका. आट्यांवर तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस लावा, खिशात निब वर ठेवा, आणि उतरल्यावर टोपण उघडताना निब वरच असू द्या, म्हणजे आधी हवा बाहेर पडते.

पावसाळ्यात दौतीकडेही लक्ष हवं. पेन थेट दौतीत न बुडवता ५ मिलीच्या बाटलीत थोडी शाई ओतून घ्या आणि उरलेली परत मोठ्या दौतीत टाकू नका. शाईवर पांढुरका तवंग किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे: दौत टाकून द्या, आणि त्या शाईने भरलेली सगळी पेनं पहिल्या पायरीप्रमाणे धुऊन घ्या.